सांगलीची मुलगी बर्फावरच्या फिगर स्केटिंगला जाऊ शकते का?

विश्रामबागेतल्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. सहाव्या वर्षापासून रोलर स्केटिंग करते, आर्टिस्टिकमध्ये (संगीतावर उड्या आणि गिरक्या घेण्याच्या प्रकारात) राज्यस्तरापर्यंत गेलेली. मोबाइलवर जागतिक विद्यापीठ हिवाळी स्पर्धेतल्या महिला एकेरीचा व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. त्यांचे प्रश्न चार: रोलरवरून बर्फावर जाता येतं का? ते गुण नेमके कसे देतात? बर्फ कुठे मिळणार आणि खर्च किती? आणि शेवटी जरा चाचरतच विचारलंय, शाळा सोडून बाहेर पाठवावी का?

मी सांगलीत बावीस वर्षं आर्टिस्टिक शिकवते. बर्फावर पहिल्यांदा पाय ठेवला तो तिशीनंतर. तेव्हा पुढे जे लिहितेय त्यात पुस्तकी कमी आणि आपटून शिकलेलं जास्त आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो सगळ्यात सोपा. शाळा सोडू नका. अहो, ती स्पर्धाच विद्यार्थ्यांची! कॉलेजात किंवा विद्यापीठात नाव असेल, किंवा आदल्या वर्षात पदवी मिळालेली असेल, तरच प्रवेश. वयाची वरची मर्यादा पंचवीस. आपल्याकडून संघ पाठवण्याचं काम असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एआययू करते. म्हणजे उद्या तुमची लेक गेलीच, तर सांगली जिल्हा ज्यात येतो त्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची विद्यार्थिनी म्हणूनही जाऊ शकते. बारावी नापास झालेली उत्तम स्केटर या दारात उभीच राहू शकत नाही. मला ही स्पर्धा आवडते ती याच कारणासाठी.

स्पर्धा जुनी आहे. पहिली १९६० मध्ये फ्रान्समधल्या शामोनीला झाली, फिगर स्केटिंग तेव्हापासूनच आहे. पूर्वी तिला हिवाळी युनिव्हर्सियाड म्हणायचे. अलीकडे दर दोन वर्षांनी, विषम सालात भरते: २०१७ अल्माटी, २०१९ क्रास्नोयार्स्क, २०२३ लेक प्लॅसिड, २०२५ तोरिनो. मधली २०२१ ची ल्युसर्नची स्पर्धा कोविडनं गिळली. २०१७ मध्ये महिला एकेरी रशियाच्या एलेना राडिओनोवानं जिंकली, २०१९ मध्ये जपानच्या माई मिहारानं.

मिहाराचं नाव मुद्दाम घेतलं. या मुलीला ऐन उमेदीत सांध्यांचा संधिवात झाला होता, काही काळ बर्फावर जाणंच बंद. त्यातून परत आली, कोबेच्या कोनान विद्यापीठात शिकली आणि विद्यार्थिनी असतानाच जिंकत राहिली. तिच्याही आधीची शिझुका अराकावा घ्या. वासेदा विद्यापीठाची. २००३ ची विद्यापीठ स्पर्धा जिंकली, २००४ मध्ये जगज्जेती झाली आणि २००६ मध्ये तोरिनोला ऑलिंपिक सुवर्ण घेतलं तेव्हा चोवीस वर्षांची होती. आपल्याकडे पालक मला सांगतात, ‘मॅडम, पंधराव्या वर्षी झालं नाही तर काय उपयोग?’ त्यांनी जरा इकडे बघावं. शिवाय २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं सीनियरचं किमान वय टप्प्याटप्प्यानं पंधरावरून सतरा केलं. कोवळ्या अंगाच्या मुलींनी चार-चार गिरक्यांच्या उड्या मारायच्या आणि अठराव्या वर्षी पाठ धरून घरी बसायचं, हा प्रकार त्यानं थोडा तरी आवरला. २०२५ ची जगज्जेती अलिसा लिऊ तर सोळाव्या वर्षी खेळ सोडून गेली होती. कॉलेजात दाखल झाली, मग परत आली आणि एकोणिसाव्या वर्षी जिंकली.

आता रोलरवरून बर्फावर. जाता येतं, पण वाटतं तसं नाही.

माझी गोष्ट सांगते. एका मॉलमधली छोटी रिंक. आपल्याला तर अॅक्सल (पुढे तोंड करून घ्यायची दीड गिरकीची उडी) येते, या गुर्मीत भाड्याचे बूट चढवले आणि रोलरच्या सवयीनं पायाच्या बोटांनी मागे ढकललं. ब्लेडच्या टोकाला करवतीसारखे दात असतात, ते बर्फात रुतले आणि मी दोन्ही गुडघ्यांवर. शेजारी सहा वर्षांचं पोर प्लास्टिकच्या पेंग्विनला धरून उभं होतं, ते माझ्याकडे बघत राहिलं. भाड्याच्या ब्लेडला धार नव्हती, हेही खरं. पण पडले ते धारेमुळे नाही, सवयीमुळे.

फरक असा आहे. आपल्या क्वाडला चार चाकं, उभं राहिलं की पाय स्थिर. बर्फावरचं ब्लेड जेमतेम चार मिलिमीटर रुंद, आणि त्याच्या तळाला मधोमध लांबीला पन्हळीसारखी खोलगट खाच. त्यामुळे एकाच पात्याला दोन कडा होतात, आतली आणि बाहेरची. आपण क्लासमध्ये इनसाइड एज, आउटसाइड एज म्हणतो तेच. रोलरवर एज म्हणजे ट्रक (बुटाखालचा चाकांचा आस धरणारा भाग) वळवून चाकांवर झुकणं. तिथे थोडी चूक झाली तरी चाकं सांभाळून घेतात. बर्फावर तुम्ही या कडेवर असता, त्या कडेवर असता, नाहीतर दोन्हींवर, म्हणजे सपाट. सपाट म्हणजे कुठेच नाही. शिवाय ब्लेड लांबीलाही किंचित गोलाई घेऊन असतं, झोपाळ्याच्या खुर्चीच्या पायासारखं. म्हणून थ्री-टर्न (एका पायावर तीनच्या आकड्यासारखं वळण) घेताना वजन पंजावर नेमक्या जागी आलं पाहिजे. टाचेकडे गेलं की पाठीवर, पुढे गेलं की दातांवर.

रोलरची मुलगी बर्फावर गेली की पहिल्या आठवड्यात तिचं सगळं मोडतं. ढकलणं मोडतं, थांबणं मोडतं (रोलरवर आडवं घसरून सहसा थांबता येत नाही, बर्फावर तेच शिकावं लागतं), स्पिन (एका जागी गोल फिरणं) तर पारच मोडतो. मोडत नाही ते हवेतलं. हवेत शरीराला खाली चाक आहे की पातं, कळत नाही. उडीची नावंही जवळजवळ तीच: सालकॉव, लूप, फ्लिप, लुट्झ, अॅक्सल. रोलरचे जड बूट घेऊन डबल (हवेत दोन गिरक्या) मारणाऱ्या मुलीच्या मांड्यांत ताकद असतेच. म्हणून ‘नव्यानं सुरुवात’ असं मी म्हणणार नाही. वरचा मजला तयार आहे, जोतं बदलायचंय. काम उलटं आहे आणि म्हणूनच वैतागवाणं.

गुणांबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण तिथेच बहुतेक पालक आणि निम्मे कोचही फसतात. सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकमधल्या पंचांच्या भानगडीनंतर गेली. आता प्रत्येक गोष्टीला मूळ किंमत असते. आकडे हंगामागणिक थोडे हलतात. मी २०२२ नंतरचे धरून सांगते. डबल अॅक्सल ३.३०, ट्रिपल टो-लूप ४.२०, ट्रिपल फ्लिप ५.३०, ट्रिपल लुट्झ ५.९०. त्यावर पंच उणे पाच ते अधिक पाच असा शेरा देतात आणि शेऱ्याची एक पायरी म्हणजे मूळ किमतीच्या दहा टक्के.

आता कागद घ्या. सुंदर, उंच, पुढे वाहत जाणारी डबल अॅक्सल, अधिक तीन: ३.३० आणि ०.९९, झाले ४.२९. ट्रिपल टो-लूप मारली आणि पडली, उणे पाच: ४.२० चे राहिले २.१०, वर पडल्याबद्दल एकूण गुणांतून एक वजा. हातात १.१०. गिरकी अर्ध्याला आलीय आणि बर्फाला टेकली, तर मूळ किंमतच कापली जाते. लुट्झ घेताना बाहेरच्या कडेवरून ऐन क्षणी आतल्या कडेवर घसरली (याला चेष्टेनं फ्लुट्झ म्हणतात), तर ५.९० चे ४.७२ होतात. म्हणजे आतल्याच कडेवरून घेतात ती फ्लिप सरळ मारली असती तर जास्त मिळाले असते!

हे झालं उड्यांचं. त्याशिवाय तीन घटकांचे गुण असतात: रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य. प्रत्येकी दहापैकी. महिलांच्या फ्री प्रोग्रॅममध्ये (दोन कार्यक्रमांतला मोठा) या बेरजेला २.६७ नं गुणतात. तिन्ही घटकांत अर्धा-अर्धा गुण वाढला तर काय होतं? दीड गुणिले २.६७, म्हणजे चार. जवळजवळ एक अख्खी ट्रिपल टो-लूप, तीही न पडता, न उडता! आणि हा अर्धा गुण वाढतो कशानं? एज खोल असण्यानं, गुडघा वाकण्यानं, दोन ढकलींमध्ये वेग न मरण्यानं. संगीताच्या ठोक्याला हात हलवणं म्हणजे सादरीकरण असं आपल्याकडे समजतात. पाय संगीतात नसतील तर हात वाऱ्यावर.

दोन कार्यक्रम असतात. शॉर्ट दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा, त्यात सात ठरलेल्या गोष्टी. फ्री चार मिनिटांचा, त्यात जास्तीत जास्त सात उडीचे घटक, तीन स्पिन, एक स्टेप सिक्वेन्स (पावलांची आणि वळणांची सलग मालिका), एक कोरिओग्राफिक सिक्वेन्स (मुक्त हालचालींची मालिका). फ्रीमधल्या शेवटच्या तीन उड्यांना दहा टक्के जादा किंमत मिळते, कारण तेव्हा पाय शिशाचे झालेले असतात.

स्पिनला आपल्याकडे कुणी मोजतच नाही. वरच्या दर्जाचे तीन स्पिन नीट झाले तर नऊच्या पुढे मूळ गुण होतात. ट्रिपल लुट्झ आणि ट्रिपल टो-लूपची जोड उडी १०.१० ची आहे. म्हणजे ज्या जोडीसाठी वर्षं जातात आणि घोटे जातात, तिच्या तोडीस तोड गुण तुमच्या लवचिक मुलीला स्पिनमध्ये आहेत. मंगळागौरीची फुगडी आठवा. हात ताठ, अंग मागे, तेव्हा गती बेताची; दोघी जवळ ओढल्या गेल्या की घर फिरायला लागतं. स्पिनचं शास्त्र तेवढंच आहे. तुमची मुलगी कथ्थक शिकते असं लिहिलंय, ते चालू ठेवा, पण एक लक्षात असू द्या: कथ्थकच्या चक्करमध्ये नजर एका बिंदूवर धरून मान झटक्यात फिरवतात, स्केटिंगच्या स्पिनमध्ये मान अंगाबरोबरच फिरते. माझ्याकडच्या कथ्थकच्या मुलींचा स्पिन सरकतो तो नव्वद टक्के वेळा याच मानेमुळे.

आता सांगलीत बसून काय करायचं, हा खरा मुद्दा. एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो, बर्फ दिसतो तो रसवंतीच्या घमेल्यात. पण एज शिकायला बर्फ लागत नाही.

बर्फावर कोचला एक फायदा असतो, पात्याचा माग राहतो. मुलगी थ्री-टर्न करून गेली की वाकून बघायचं. एक बारीक स्वच्छ रेघ असेल तर कड बरोबर, दोन समांतर रेघा असतील तर सपाट. खोटं बोलता येत नाही. सिमेंटच्या कोर्टावर काहीच उमटत नाही, आणि मुलगी शपथेवर सांगते, ‘मॅडम, आउटसाइडच होती.’ खूप वर्षांनी मला एक जुगाड सापडला. कोर्टाच्या कडेला ओलं पोतं अंथरायचं. मुलीनं त्यावरून चाकं ओली करून यायचं आणि लगेच वर्तुळावर टर्न घ्यायचा. बाहेरच्या एजवर खरंच झुकली असेल तर बाहेरच्या चाकांचा ठसा गडद आणि आतला फिकट उमटतो. दोन्ही सारखे गडद, म्हणजे ताठ उभी होती. उन्हाळ्यात अर्ध्या मिनिटात वाळून जातं, म्हणून दोघींनी लगेच गुडघ्यावर बसून बघायचं. गेल्या मे महिन्यात एक मुलगी असा स्वतःचा ठसा बघत बसली, वाळेपर्यंत बोलली नाही, मग उठून म्हणाली, ‘मी तर नुसती वाकते, झुकत नाही.’ तीन वर्षं मी तेच सांगत होते. (नंतर बेअरिंग काढून पुसायची विसरू नका, नाहीतर गंजाचा खर्च माझ्या नावावर.)

तर पहिली दोन वर्षं हेच. खडूनं आखलेली वर्तुळं, त्यावर आठचा आकडा, थ्री-टर्न, ब्रॅकेट, मोहॉक अशी वळणं, दोन्ही पायांवर, पुढे आणि मागे. मुलींना हे कंटाळवाणं वाटतं, पालकांना त्याहून जास्त. व्हिडिओ टाकण्यासारखं त्यात काही नसतं. शक्य झालं तर क्वाडबरोबर एका रेषेतल्या चाकांची, पुढे टो-स्टॉपर असलेली आर्टिस्टिकची इनलाइन फ्रेम घ्या. तिलाही ब्लेडसारखी गोलाई असते आणि बर्फाच्या सगळ्यात जवळची तीच. रस्त्यावर पळवायची साधी इनलाइन नको, तिचा इथे काही उपयोग नाही. जमिनीवर दोरीच्या उड्या आणि हवेत गिरकी घेऊन एका पायावर टेकण्याचा सराव. ट्रिपलला हवेत जेमतेम अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो, त्यात तीन गिरक्या. त्यामुळे अंग किती पटकन आवळता येतं यावर सगळं ठरतं, आणि ते घरच्या गच्चीवरही शिकता येतं.

बर्फ कुठे? देशात मोठी, वर्षभराची म्हणावी अशी रिंक देहरादूनला आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली, मग बरीच वर्षं बंद पडली, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. शिमल्याची उघड्यावरची रिंक शंभर वर्षांची, पण निसर्गाच्या थंडीवर चालते, म्हणजे हिवाळ्यातले काही आठवडे. मॉलमधल्या छोट्या रिंकवर तोल शिकता येतो, प्रोग्रॅम नाही. आंतरराष्ट्रीय रिंक साठ मीटर बाय तीस मीटर असते. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन आणि तिथून देहरादून, असा प्रवास वर्षातून दोनदा, दोन-तीन आठवड्यांसाठी, हे मध्यमवर्गीय घराला ओढाताण करून जमू शकतं. सेशन आहे की नाही, ते तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा.

मनात कडवटपणा न ठेवता एक तुलना करते. जपानात चुक्यो विद्यापीठाची आणि कान्साई विद्यापीठाची स्वतःची रिंक आहे. तिथली मुलगी तास संपवून सायकलवर बर्फावर जाते. आपली मुलगी दीड दिवस रेल्वेत बसते. विद्यापीठ स्पर्धेत या दोघी एकाच बर्फावर उभ्या राहणार. पदकाचं म्हणाल तर आज तरी नाव काढू नका. भारताकडून महिला एकेरीत आज वरच्या पातळीवर दिसते ती तारा प्रसाद, २०२५ च्या हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत आठवी आली. पण ती अमेरिकेत जन्मली, तिथेच घडली. आपल्याच मातीतल्या रोलरच्या मुलीनं विद्यापीठ स्पर्धेत दोन्ही कार्यक्रम स्वच्छ डबल उड्यांनी आणि एक-दोन ट्रिपलनी पूर्ण करणं, मला विचाराल तर हेच आठ-दहा वर्षांचं लक्ष्य. सांगलीत मुलगी खेळते म्हटलं की सगळे स्मृती मानधनाचं नाव घेतात आणि पुढच्या वाक्यात ‘भारताकडून कधी?’ विचारतात. क्रिकेटला मैदान गल्लीत आहे हो.

खर्चाचं थोडक्यात. पुढच्या पातळीवर बूट आणि ब्लेड वेगवेगळे घ्यायचे असतात. सुरुवातीची जोडी पंधरा-वीस हजारांत, ट्रिपलच्या पातळीची लाखाच्या घरात. पाय वाढताना महाग जोडी घेऊ नका, आणि ‘पुढे बसेल’ म्हणून एक नंबर मोठी तर अजिबात नको. शाळेच्या बुटांचा नियम इथे घोटा मोडतो. धार लावायला साधा धारवाला चालत नाही, ती खाच मशिनवर मापानं पाडावी लागते. ब्लेड पुसून कोरडं ठेवायचं आणि प्लास्टिकच्या गार्डात कधीच साठवायचं नाही, गंज चढतो.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, ‘वजन जरा जास्त आहे, डाएट सुरू केलंय.’ ते आज थांबवा. तेराव्या वर्षी अंग भरतं, उंची वाढते, तोल बदलतो. कालपर्यंत येणारी उडी सहा महिने येत नाही. प्रत्येक मुलीचं होतं. त्यावर उपाशी ठेवणं म्हणजे हाडं पोकळ करणं. पाळी थांबली तर ते शिस्तीचं लक्षण नव्हे, डॉक्टरकडे जाण्याचं कारण आहे. भाकरी, डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, सगळं पोटभर. या काळात नवी उडी शिकवू नका, एज आणि स्पिन शिकवा. सहा महिन्यांनी उडी आपसूक परत येते, नव्या अंगाला समजून घेऊन.

रविवारी सकाळी साडेसहाला तिला कोर्टावर घेऊन या, ऊन चढायच्या आत. जुने क्वाड चालतील, ड्रेस नको, संगीत नको. पोतं माझ्याकडे आहे. आणि देहरादूनचं ठरलंच, तर थंडीचे कपडे ठीक, पण आधी जाड हातमोजे घ्या. पहिल्या दिवशी ती पायांपेक्षा हातांवर जास्त राहणार आहे.